वेंधळी, धांदरट की एडीएचडी? बायकांना उशिरा कळणारं निदान आणि त्यातली ताकद

वेंधळी. धांदरट. विसरभोळी. आरंभशूर. पायाला भिंगरी लागलेली.

अशा बाईसाठी मराठीत शब्दांची कमतरता नाही. 'लक्ष कुठंय तुझं?' हा प्रश्न तर कित्येक मुलींनी पाढ्यांच्याही आधी ऐकलेला असतो. पुढे त्याचं 'सासरी गेल्यावर कसं होणार हिचं?' होतं, आणि नोकरी लागली की 'हुशार आहे, पण जरा बेभरवशाची'.

हे सगळे शब्द स्वभावाला लावलेले आहेत. त्यामागे मेंदूच्या कामाची वेगळी पद्धत असू शकते, हे आपल्याकडे आत्ता आत्ता बोललं जायला लागलंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिनेत्री आलिया भट्टने 'लल्लनटॉप'ला दिलेल्या मुलाखतीत सांगितलं की, मानसशास्त्रीय चाचणी केल्यावर तिला स्वतःच्या एडीएचडीबद्दल कळलं. लहानपणापासून वर्गात आणि गप्पांमध्ये मन कुठेतरी भरकटायचं, पण कॅमेऱ्यासमोर आणि मुलगी राहासोबत असताना आपण पूर्णपणे त्या क्षणात असतो, असंही ती म्हणाली. तेव्हा ती तिशी ओलांडलेली, यशस्वी अभिनेत्री होती.

मग प्रश्न पडतो, मुलींच्या बाबतीत हे इतक्या उशिरा का कळतं? आणि एडीएचडी असण्यात खरंच काही ताकद असते, की ती फक्त रील्सवरची गोड समजूत आहे?

एडीएचडी म्हणजे नेमकं काय?

पूर्ण नाव अटेन्शन डेफिसिट हायपरअ‍ॅक्टिव्हिटी डिसऑर्डर. नावात 'लक्षाची कमतरता' आहे, आणि गैरसमजाची सुरुवात तिथूनच होते. कारण अडचण लक्ष कमी असण्याची नसते, ते आपल्याला हवं तेव्हा हवं तिथे वळवता न येण्याची असते.

छत्रपती संभाजीनगरमध्ये राहणाऱ्यांना हे चटकन समजेल. शहरातल्या अनेक भागांत नळाला रोज पाणी येत नाही, काही दिवसांच्या अंतराने येतं. येतं तेव्हा धो धो येतं, नाही तेव्हा थेंब नाही. एडीएचडी असलेल्या व्यक्तीच्या लक्षाचं बरंचसं असंच असतं. आवडीच्या किंवा तातडीच्या कामात चार तास कुठे गेले कळत नाही. लाइट बिल भरायला मात्र पाच मिनिटंही जमत नाहीत.

हे वागणं आळसातून येत नाही. मेंदूच्या पुढच्या भागात नियोजन, वेळेचा अंदाज, आवेग आवरणं ही कामं चालतात, आणि त्यात डोपामिन व नॉरएड्रेनालिन या रसायनांचा मोठा वाटा असतो. एडीएचडीमध्ये ही यंत्रणा वेगळ्या पद्धतीने चालते. त्यात आनुवंशिकतेचा भाग मोठा आहे. जुळ्यांवरच्या अभ्यासांमधून तो ७० ते ८० टक्क्यांच्या घरात असल्याचं दिसतं. म्हणूनच मुलाची तपासणी करायला गेलेल्या आईला 'अरे, हे तर माझंच वर्णन आहे' असं वाटणं अगदी शक्य असतं.

एडीएचडीचे तीन प्रकार मानले जातात. एक, प्रामुख्याने लक्ष न लागण्याचा. दोन, प्रामुख्याने अतिचंचलता आणि उतावळेपणाचा. तीन, दोन्हींचं मिश्रण. हा पहिला प्रकार लक्षात ठेवा, कारण मुलींची गोष्ट तिथेच अडकते.

मुली नजरेतून का सुटतात?

कारण या विषयाचा अभ्यासच मुलांपासून सुरू झाला.

१९०२ मध्ये ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल यांनी लंडनमध्ये दिलेल्या व्याख्यानांत ४३ मुलांची निरीक्षणं मांडली. एडीएचडीचा इतिहास बहुतेकदा इथून सांगितला जातो. त्यानंतर कित्येक दशकं डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. वर्गात एका जागी न बसणारा, दंगा करणारा मुलगा. १९६८ च्या अमेरिकन मानसोपचार नियमावलीत या स्थितीचं नावच अतिचंचलतेवरून होतं. दंगा न करताही लक्ष न लागणं ही स्वतंत्र अडचण असू शकते, हे याच नियमावलीच्या १९८० च्या आवृत्तीत मान्य झालं. एडीएचडी हे नाव १९८७ चं.

वर्गातली मुलगी अनेकदा दंगा करत नाही. ती खिडकीबाहेर बघते, वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढते, किंवा मैत्रिणीशी सतत बोलते. शिक्षक प्रगतिपुस्तकात लिहितात, 'हुशार आहे, लक्ष दिल्यास आणखी प्रगती करेल.' दंगा करणाऱ्या मुलाला डॉक्टरकडे पाठवतात, गप्प बसलेल्या मुलीला कुणी पाठवत नाही.

आकडेही हेच दाखवतात. लहान वयात एका मुलीमागे साधारण तीन मुलांना एडीएचडीचं निदान होतं. प्रौढ वयात मात्र स्त्री आणि पुरुषांचं प्रमाण जवळजवळ सारखं होतं. बायकांना मोठेपणी अचानक एडीएचडी होत नाही. त्या लहानपणी मोजल्या जात नाहीत, हे यामागचं एक मोठं कारण मानलं जातं. स्वीडनमधल्या नोंदींच्या अभ्यासात मुलींचं निदान मुलांपेक्षा सरासरी चार वर्षं उशिरा होत असल्याचं दिसलं.

दुसरं कारण आहे झाकणं, ज्याला तज्ज्ञ मास्किंग म्हणतात. मुलीने नीटनेटकंच असावं ही अपेक्षा इतकी पक्की असते की ती स्वतःच उपाय शोधते. तीन वेळा दप्तर तपासणं, परीक्षेच्या आधी रात्रभर जागणं, चूक होईल या भीतीने प्रत्येक मेसेज पाच वेळा वाचणं. बाहेरून सगळं ठीक दिसतं, पण आतून ती दमून जाते. मग डॉक्टरकडे जाते ती चिंता किंवा नैराश्याची तक्रार घेऊन. उपचारही त्याचेच होतात आणि मूळ कारण मागेच राहतं.

घर चालवणं ही सर्वात अवघड परीक्षा

शाळा-कॉलेजात वेळापत्रक दुसरं कुणीतरी बनवतं. घर चालवताना ते बाईला डोक्यात ठेवावं लागतं.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार भारतात घरातली विनामोबदला कामं करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात, ती करणारे पुरुष ८८ मिनिटं. यात डोक्यातली मोजदाद धरलेलीच नाही. गॅस कधी संपणार, पाण्याचा दिवस कोणता, मुलाची फी भरली का, सासूबाईंची बीपीची गोळी कितीला, दूध नासलं तर नाही ना. ही सगळी कामं मेंदूच्या त्याच यंत्रणेची आहेत, जी एडीएचडीमध्ये अडखळते.

त्यामुळे समजा वाळूजमधल्या कारखान्यात पाळीचं काम चोख सांभाळणारी एखादी बाई घरी मोटर लावायची विसरली आणि आठवड्याचं पाणी हुकलं, तर घरच्यांच्या दृष्टीने तो गुन्हाच. पुरुषाच्या विसराळूपणावर घर हसतं. बाईच्या विसराळूपणावरून तिचं माप काढलं जातं.

यात हार्मोन्सची भर पडते. इस्ट्रोजेनचा डोपामिनच्या कामाशी संबंध असतो. त्यामुळे पाळीच्या आधीचे काही दिवस, बाळंतपणानंतरचा काळ आणि रजोनिवृत्तीच्या आसपासची वर्षं, या टप्प्यांवर अनेक स्त्रियांना लक्षणं वाढल्याचं जाणवतं. आजवर सावरून नेलेलं सगळं चाळिशीत अचानक कोलमडल्यासारखं वाटण्यामागे हेही एक कारण असू शकतं.

मग ताकद कुठली? संशोधन काय सांगतं?

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. या मेंदूचे काही फायदे खरंच दिसून आले आहेत.

पहिला, कल्पकता. २००६ मध्ये होली व्हाइट आणि प्रीती शहा या अमेरिकेतल्या संशोधकांनी एडीएचडी असलेल्या आणि नसलेल्या तरुणांना वेगवेगळी कोडी दिली. साध्या वस्तूचे जास्तीत जास्त वेगळे उपयोग सुचवायचे होते, तिथे एडीएचडी असलेल्यांनी बाजी मारली. वेगवेगळे धागे जुळवून एकच अचूक उत्तर काढायचं होतं, तिथे मात्र ते मागे पडले. म्हणजे ताकद आणि अडचण एकाच अभ्यासात शेजारी-शेजारी दिसली.

दुसरा, शोधक वृत्ती. २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी ४५७ जणांना ऑनलाइन खेळात झुडपांवरची बोरं गोळा करायला सांगितली. एकाच झुडपावर थांबायचं की पुढचं शोधायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. ज्यांच्यात एडीएचडीची लक्षणं जास्त होती ते लवकर पुढे गेले आणि त्यांची बोरं जास्त भरली. 'एका जागी टिकत नाही' हा दोष परिस्थिती बदलली की गुण ठरू शकतो, असा त्याचा अर्थ. मात्र इथे लक्षणं प्रश्नावलीवरून मोजली होती, डॉक्टरांनी केलेलं निदान नव्हतं.

तिसरा, हायपरफोकस. आवडीच्या कामात तहान-भूक विसरून बुडून जाणं. २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात एडीएचडी असलेल्या २०० आणि नसलेल्या २०० प्रौढांना २५ गुणांबद्दल विचारण्यात आलं. हायपरफोकस, विनोदबुद्धी, कल्पकता अशा दहा गुणांबाबत एडीएचडी असलेल्यांनी 'हे माझ्यात आहे' असं जास्त ठामपणे सांगितलं. त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्वतःच्या जमेच्या बाजू ओळखून त्या वापरणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य दोन्ही गटांत जास्त चांगलं होतं.

पण इथे एक गोम आहे. एडीएचडीच्या सकारात्मक बाजूंबद्दल वारंवार उल्लेख होणारा ब्रिटनमधला एक अभ्यास यशस्वी प्रौढांच्या मुलाखतींवर आधारलेला आहे. ऊर्जा, धाडस, चिवटपणा, माणुसकी असे गुण त्यातून समोर आले. मुलाखती किती जणांच्या होत्या? सहा. आणि ते सहाही पुरुष होते. केनियातल्या एरियाल जमातीवरचा २००८ चा अभ्यासही गाजला. एडीएचडीशी जोडलं गेलेलं एक जनुक असलेले भटके लोक तिथे अधिक सुदृढ दिसले, तर स्थायिक झालेल्यांमध्ये चित्र उलटं होतं. तोही अभ्यास पुरुषांचाच. म्हणजे अडचणी मोजताना बायका सुटल्या, तशा ताकद मोजतानाही सुटल्या.

'सुपरपॉवर' म्हणावं का?

शब्द ऐकायला छान आहे, पण जपून वापरावा. कारण दुसऱ्या बाजूचे आकडे गंभीर आहेत.

जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनमधल्या ३०,०२९ निदान झालेल्या प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एडीएचडी असलेल्या पुरुषांचं अपेक्षित आयुर्मान सुमारे पावणेसात वर्षांनी, तर स्त्रियांचं सुमारे साडेआठ वर्षांनी कमी असल्याचा अंदाज निघाला. एडीएचडीमुळे थेट जीव जातो, असा याचा अर्थ नाही. धूम्रपान, इतर आजार, वेळेवर न मिळालेली मदत अशी टाळता येण्यासारखी कारणं त्यामागे असू शकतात, असं संशोधकांचं म्हणणं आहे. शिवाय निदान झालेले लोक मुळात थोडे असल्यामुळे हा अंदाज सगळ्यांना जसाच्या तसा लावता येत नाही.

अमेरिकेत बर्कलीचे मानसशास्त्रज्ञ स्टीफन हिनशॉ यांनी १९९० च्या दशकापासून एडीएचडी असलेल्या १४० मुली आणि तुलनेसाठी ८८ मुली यांचा मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. एडीएचडी असलेल्या मुलींमध्ये तरुणपणी स्वतःला इजा करून घेण्याचं प्रमाण जास्त आढळलं. वर्षानुवर्षं 'तुझ्याने काहीच धड होत नाही' ऐकण्याची किंमत किती असू शकते, याची कल्पना यावरून येते.

म्हणून 'ताकद स्वीकारा' याचा अर्थ 'त्रास नाकारा' असा घेऊ नये. अमेरिकन जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सचं उदाहरण इथे बोलकं आहे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिने चार सुवर्णपदकं जिंकली. त्यानंतर काही आठवड्यांतच हॅकर्सनी तिची वैद्यकीय माहिती फोडली. लपवाछपवी न करता तिने जाहीर केलं की आपल्याला एडीएचडी आहे, लहानपणापासून आपण त्यासाठी औषध घेतो आणि यात लाज वाटण्यासारखं काही नाही. ताकद होतीच, तिच्यासोबत उपचारही होते आणि औषधाची रीतसर परवानगीही.

ताकद वापरायची कशी?

सरळ नियम असा की, स्वभावाशी भांडण्यापेक्षा आजूबाजूची व्यवस्था बदला.

सोबत घेऊन काम करा. शेजारी कुणीतरी आपापलं काम करत बसलं की एडीएचडी असलेल्या अनेकांचं काम पुढे सरकतं. जगभर त्याला बॉडी डबलिंग म्हणतात. आपल्याकडे त्याचं तयार रूप आहे, अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलींना घरी पान उलटत नाही आणि अभ्यासिकेत तीन तास सहज निघतात, ते काही उगाच नाही. घरकामातही हे चालतं. मैत्रिणीला फोन लावून दोघींनी आपापली कपाटं आवरायची.

डोक्यात ठेवू नका, डोळ्यांसमोर ठेवा. काचेच्या बरण्या, दारामागे किल्लीचा खिळा, फ्रिजवर पाण्याच्या दिवसाचा कागद. मोटरसाठी दोन अलार्म, एक आदल्या रात्री आणि एक ऐन वेळी. महावितरणचं बिल ऑटोपेवर. हे करणं म्हणजे हार मानणं नव्हे. चष्मा लावण्याइतकं ते साधं आहे.

काम निवडताना स्वतःचा मेंदू बघा. रोज नवा प्रश्न, माणसांशी संबंध, ठरलेली डेडलाइन, धावपळ, असं असलं की हा मेंदू खुलतो. बातमीदारी, कार्यक्रमांचं आयोजन, रुग्णालयातला आपत्कालीन विभाग, डिझाइन, स्वतःचा छोटा व्यवसाय ही काही उदाहरणं. व्यवसाय करत असाल तर कल्पना तुमच्या आणि हिशेब दुसऱ्याचा, ही वाटणी आधीच करून टाका.

हायपरफोकसला कुंपण घाला. बुडून काम करणं ही ताकद आहे, पण जेवण-झोप विसरणं नाही. सुरू करण्याआधीच थांबण्याची वेळ लावा.

आणि 'हो' म्हणण्याआधी एक रात्र जाऊ द्या. उत्साहाच्या भरात दहा कामं अंगावर घ्यायची आणि शेवटी एक ना धड, भाराभर चिंध्या, हा अनुभव बहुतेकींना असतो.

संभाजीनगरमध्ये निदानासाठी काय करायचं?

रील बघून शंका येऊ शकते, निदान होऊ शकत नाही. ते मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. शहरात खासगी तज्ज्ञांबरोबरच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालयात, म्हणजे आपल्या घाटीत, मनोविकृतीशास्त्र विभाग आहे.

एडीएचडी रक्ताच्या चाचणीत किंवा एमआरआयमध्ये दिसत नाही. सविस्तर मुलाखत आणि प्रश्नावल्यांवरून निदान होतं. २०१३ पासूनच्या निकषांनुसार काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासून असायला हवीत आणि घर, काम, नाती यांपैकी किमान दोन ठिकाणी ती दिसायला हवीत. म्हणून जाताना जुनी प्रगतिपुस्तकं सोबत न्या. आई किंवा मोठी बहीण बरोबर असेल तर उत्तम. विसरण्याचे, उशिराचे, पैशांच्या गोंधळाचे खरे प्रसंग लिहून ठेवा. पाळीच्या तारखांशी त्रासाचा संबंध वाटत असेल तर तेही सांगा.

आधी इतर कारणं तपासणंही गरजेचं आहे. थायरॉइडचा त्रास, अपुरी झोप, नैराश्य आणि रक्तक्षय यांमुळेही लक्ष लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून जास्त स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यामुळे हिमोग्लोबिनची तपासणी टाळू नका.

उपचारांत औषधं, समुपदेशन आणि सवयींची नवी घडी हे तिन्ही येतं. मिथिलफेनिडेट हे औषध भारतात 'शेड्यूल एक्स'मध्ये येतं, म्हणजे ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही आणि दुकानदाराला चिठ्ठीची प्रत ठेवून घ्यावी लागते. ॲटोमॉक्सेटिनसारखे वेगळ्या गटातले पर्यायही आहेत. मैत्रिणीची गोळी घेऊन बघणं धोक्याचं आहे. गरोदर असाल किंवा बाळाला पाजत असाल तर डॉक्टरांना आधी सांगा.

लगेच कुणाशी बोलावंसं वाटलं, किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर सरकारच्या 'टेली मानस' हेल्पलाइनला १४४१६ या क्रमांकावर फोन करा. ही सेवा मोफत आहे, २४ तास सुरू असते आणि मराठीतही बोलता येतं.

कायदा काय म्हणतो?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाची यादी आहे. विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता त्यात आहेत, एडीएचडीचं स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे फक्त एडीएचडी असलेल्या नोकरदार बाईला लवचिक वेळ किंवा शांत जागा हवी असेल, तर बहुतेकदा ते वरिष्ठांच्या समजूतदारपणावर अवलंबून राहतं. दुसरीकडे, २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विमा देणं बंधनकारक केलं आहे. एडीएचडीसाठी नेमकं काय मिळतं, ते पॉलिसीच्या अटींमध्ये तपासून घ्या.

घरच्यांसाठी दोन शब्द

निदानाची सगळ्यात मोठी अडचण अनेकदा दवाखान्यात नसते, घरात असते. 'स्थळ मोडेल', 'वेडाचा शिक्का बसेल' या भीतीने मुलीला गप्प बसवलं जातं. पण एडीएचडी म्हणजे वेड नाही, आणि बुद्धी कमी असणंही नाही. तिला मदत करायची असेल तर सूचना तोंडी देण्याऐवजी लिहून द्या, एका वेळी एकच काम सांगा, आणि पाण्याचा दिवस लक्षात ठेवायची जबाबदारी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी घ्या.

नाव कळल्याने सगळं सोपं होत नाही. किल्ली उद्याही हरवेल. फरक इतकाच की ती शोधताना ती बाई 'मी अशीच निकामी' म्हणणार नाही, दारामागे खिळा ठोकेल. आणि वाचलेली शक्ती तिला जे खरंच छान जमतं, त्यासाठी वापरेल.